काचेत फिरणारा शालू

कुपवाडला बरीच वर्षं दुसऱ्याच्या दुकानात राबल्यावर क्रांतीनं रहिमतपुरात स्वतःचं ड्रायक्लीनिंगचं दुकान काढलं. पहिल्याच आठवड्यात मनुबाई आपल्या लग्नातला शालू घेऊन आल्या. नातवाच्या लग्नात त्यांना तोच नेसायचा होता, पण पदरावर तेलाचा डाग होता.

"पाण्याबिगर धुनं कसं व्हतं गं? मी हितंच बसते," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं.

क्रांतीनं हसत चहा मागवला. डागावर औषध लावून शालू मशिनीत घातला. गोल काचेतून तो फिरताना दिसू लागला, तशा मनुबाई काचेला नाक लावून बसल्या. तेवढ्यात कोट घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक दारातच घुटमळलं. "रंग जाईल का हो?"

क्रांती बोलायच्या आत मनुबाई म्हणाल्या, "आवं, माझा शालू आत हाय, मी भ्याले का? द्या हिकडं!"

संध्याकाळी पदरावर डागाचा मागमूस नव्हता. मनुबाईंनी शालू गालाला लावला.

लग्नात त्यांनी क्रांतीला हाताला धरून मांडवभर फिरवलं. पुढच्या सोमवारी दुकानात साड्या ठेवायला जागा उरली नाही.