फौजदारीणबाई आणि माझी झोप

माझ्या आत्याचा झोपलेल्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता. "डोळं मिटलं म्हंजी माणूस झोपला आसं न्हाई," असं म्हणून ती खराट्याची एक काडी घेऊन यायची आणि तळपायावरून फिरवायची. पाय आखडला तर माणूस सोंग करतोय, नाही आखडला तर पिऊन पडलाय. तिसरी शक्यता तिला मान्यच नव्हती. लोणावळ्याजवळच्या कुसगावात तिला सगळे फौजदारीणबाई म्हणायचे. तेही पाठीमागे, आणि कोण कोण म्हणतं ते तिला बरोबर ठाऊक असायचं.

तळेगावच्या एका कंपनीत लागलो म्हणून मी तिच्याकडे राहायला आलो. आमचं गाव पवन मावळात, धरणाच्या वरच्या अंगाला. तिथून शिफ्टच्या वेळेला एसटी कुठली मिळायला? कुसगावच्या फाट्यावर मात्र कंपनीची बस यायची. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, कधीच वारलेले, मूलबाळ नाही. "तिलाबी सोबत व्हईल," वडील म्हणाले. एक आठवडा फस्ट शिफ्ट, एक सेकंड, एक नाईट असं आमचं रहाटगाडगं. पहिल्याच महिन्यात माझी झोप बिथरली ती बिथरलीच. ताटावर बसलं की पेंग, अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. एका शिफ्टची सवय होते न होते तोच आठवडा संपायचा आणि सगळं उलटंपालटं. त्यात ही बया!

नाईट करून सकाळी घरी आलो की दारातच झडती व्हायची. आधी शर्टाचा वास घ्यायची. "ह्यो कसला वास?"

"कूलंटचा, आत्या."

"ही नवी निघालीय व्हय?"

मशिन गार राहायला त्यावर जे पाणी सोडतात ते कूलंट, दारू नव्हे, हे मी तिला किती वेळा समजावलं असेल! ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक लावायची. फोनवर कंपनीचा फोटो दाखवला तर म्हणाली, "फोनमदी काय बी दावत्यात. परवा त्यात कुत्रं गाणं म्हणत व्हतं." तिचं ठाम मत होतं, की रात्री कारखाने चालतच नाहीत. "रातचं जागतंय कोण? चोर आन् राखणदार. तू राखणदार न्हाईस."

दुपारी ती कपाटं उघडायची, भांडी लावायची, मधूनच काडी घेऊन यायची. तरी कसाबसा चारच्या सुमाराला माझा डोळा लागायचा. की झालंच, दिवेलागण! हातात निरांजन घेऊन आत्या उशाशी हजर. "ऊठ. तिन्हीसांजंला घरात आडवं माणूस नगं. लक्ष्मी दारातनं माघारी जाती." मी चिडायचो, आदळआपट करायचो. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मी डोळ्यांवर पाणी मारून फाट्यावर बस पकडायला जायचो, तेव्हा माझ्या अंगात जीव म्हणून नसायचा.

आणि इकडे माझी नोकरी टांगणीला लागलेली. मी तेव्हा टेम्पररी होतो. मशिनवर डुलकी घेताना सुपरवायझरने मला एकदा पकडलं, दुसऱ्यांदा पकडलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, "हात मशिनमध्ये गेला असता तुझा. पुन्हा दिसलास तर परमनंट विसर, गेटच बंद." घरी येऊन मी हे आत्याला सांगितलं. ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "मंग रातचं घरी झोपत जा की." माझं डोकंच फिरलं. मी वडिलांना फोन केला आणि सांगितलं, की मी तळेगावात खोली बघतो, ह्या बाईजवळ राहिलो तर एक तर नोकरी जाईल, नाही तर हात जाईल.

तेव्हा वडिलांनी मला जे सांगितलं ते आमच्या घरात कधी कुणी बोलत नसे. मामा देहूरोडला नोकरीला होते. जन्मभर आठवड्यातून दोन-तीनदा "आज नाईट हाय" म्हणून जायचे. ते वारले त्या दिवशी देहूरोडहून एक बाई आली, बरोबर वयात आलेली मुलगी. अंगणात उभी राहून रडायला लागली. आत्याने तिला एकच विचारलं, "नाईटला तुमच्याकडं येत व्हते का?" बाईने होकाराची मान हलवली. आत्याने त्या दोघींना बसायला घोंगडं टाकलं आणि पाणी दिलं. पुढं तो विषय कधीच काढला नाही. "तवापास्नं तिला नाईट म्हंजी खोटंच वाटतंय बाबा," वडील म्हणाले. "तू बी तसाच निघशील आन् जाशील, ही भीती हाय तिला." मी खोली बघायचं लांबणीवर टाकलं. खरं सांगायचं तर मला तिची दया आली, आणि झोप नाही म्हणून रागही येतच राहिला.

पुढच्याच नाईटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी शिफ्ट सुटली आणि गेटावर बघतो तर आत्या! पहिल्या लोकलने लोणावळ्याहून तळेगाव, तिथून विचारत विचारत कंपनी. हातात पिशवी, आणि वॉचमनशी जुंपलेली. "आत किती माणसं हायती? समदी जागी व्हती कशावरनं?" वॉचमन बिचारा घामाघूम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ गेलो तर तिने मला हाताने गप्प केलं आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाचं तोंड निरखत उभी राहिली. लाल डोळ्यांची, जांभया देणारी, कूलंटच्या वासाची पोरं नुसती लोटत होती. त्यातला एक बसची वाट बघता बघता कठड्याला टेकून तिथंच झोपला. आत्या त्याच्याजवळ गेली. मला वाटलं, आता काडी शोधते की काय! ती मला म्हणाली, "ह्याची आई कुटं आस्ती?"

ड्रायव्हरने तिला आमच्याच बसमध्ये घेतलं. कामशेत मागे पडल्यावर म्हणाली, "एकटा आस्ता तर खोटं बोलला आस्ता. एवढी माणसं मिळून खोटं बोलायची न्हाईत."

त्या दिवसापासून संशय गेला का? छे! संशयाने फक्त तोंड फिरवलं. मी झोपलो, की ती उंबऱ्यात पाट टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर डोळा ठेवायची. भाजीवाल्याला ओरडायची बंदी. कुकरची शिट्टी तिने काढून फळीवर ठेवली आणि वरण पातेल्यात शिजवायला लागली. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक भाड्याचे बंगले शोधत आमच्या आळीत यायचे. अशी एक गाडी दारासमोर थांबली, आत ढणढण गाणी. आत्या गाडीवर धावली. "हितं बंगला मिळतोय म्हून कुनी सांगितलं तुमाला? प्वार झोपलंय माझं! नाईट आस्ती त्याला!" त्या गाण्यांनी माझी झोप मोडली नव्हती, आत्याच्या आवाजाने मोडली. पण बोलणार कोण? मी कूस बदलली आणि पुन्हा झोपलो. दिवा आता ती तुळशीपाशी लावायची, मला न उठवता. विचारलं तर म्हणाली, "लक्ष्मीला सांगितलंय म्या. पगार ह्योच आनतोय, जरा दमानं घे."

मी परमनंट झालो. पेढे घेऊन तिच्या पाया पडलो, तर म्हणाली, "कायम म्हंजी कुटवर? नीट इचारून घे." तिच्यासारखं मन लावून माझी काळजी कुणी केली नाही. आईनेही नाही, आणि हे मी आईसमोर बोलून दाखवलंय.

गेल्या वर्षी आत्याला दम्याने धरलं. तळेगावला दवाखान्यात ठेवलं. तिथं तिने सिस्टरांना जेरीस आणलं. "ह्या बाटलीत काय घातलंय? आदी तू पी." मी सांगितल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. मी रजा काढली, ती संपली, नेमका नाईटचा आठवडा आला. "जा तू," ती म्हणाली, "हितं माझं लक्ष हाय समद्यांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून थेट तिच्याकडे गेलो. तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं. मी स्टुलावर बसलो आणि क्षणभर म्हणून खाटेच्या कडेला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा दुपार झाली होती. तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. मी सिस्टरवर धावूनच गेलो. मला उठवलं का नाही? तिला काय दिलंत तुम्ही? सगळा संशय त्या बाईवर काढला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, की आजींना मध्येच धाप लागली, डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणि त्यांना जरा बरं वाटलं. "तुम्हाला उठवायला मी हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या बाई, नाईट करून आलाय त्यो.' मग त्यांचाच डोळा लागला. आत्ता पुन्हा बघायला आले, तर गेल्या होत्या. चादर ओढली, तेवढ्यात तुम्ही जागे झालात."

मला आत्याचा भयंकर राग आला. अजून येतो. एक हाक मारायची होती तिने. मी उठलो असतो.