वडाखालचा कोपरा

लढाईच्या त्या वर्षी कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा. क्वार्टरांमागच्या तळ्यावर धुकं असलं की तो पाण्याखालून आल्यासारखा वाटे. शिंगाडेवाला तेव्हा तळ्यातच असायचा. दोन पालथी मडकी बांबूला बांधून त्यावर बसायचा आणि हातानं पाणी मागे सारत हळूहळू धुक्यात विरघळून जायचा.

सगळ्या तळ्यात त्याचे वेल होते, फक्त वडाखालचा कोपरा मोकळा. मी कारण विचारलं.

"वो मछरियों का है, बाबूजी." मासोळ्यांसाठी राखलेला. मग पाण्यात डोकावून, त्यालाच विचारून आल्यासारखा म्हणाला, "मच्छर के बच्चे वोई खाती हैं."

मी हसलो. डास फार झाले होते, म्हणून तळ्यावर जळकं तेल ओतावं असा अर्ज मीच दिला. तेलाचा ड्रम काठावर आला त्या सकाळी शिंगाडेवाला गुडघाभर पाण्यात उभा होता. भांडला नाही. त्या कोपऱ्यातून लोटा भरून त्यानं माझ्या हातात दिला. आत नखाएवढ्या मासोळ्या फिरत होत्या.

"घर के हौद में छोड़ दो. आठ दिन देख लो, फिर डाल देना तेल."

का कोण जाणे, मी ड्रम थांबवला.

नवव्या सकाळी बायको हौदात वाकून म्हणाली, "अहो, एकबी अळी दिसून नाही राहिली!"

ड्रम परत गेला. संध्याकाळी शिंगाडेवाला दारात उभा. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "लोटा दे दो, बाबूजी."