पापलेटाच्या पोटात हिराबाई

सगळ्यांना तोच किस्सा पायजे! चहाचा कप हातात दिला की लगेच, "काका, तो पापलेटाचा सांगा ना." जन्मात दुसरं काय केलंच नाय काय मी? होडी हाकली, पोरं वाढवली, ते कोन इचारत नाय. बरं, सांगतो. पन मधीच हसलात तर उठून जाईन.

नात माझी, प्राची. तिची हळद आमच्या दिवाळे गावातच, खाडीजवळच्या मैदानात. हळद म्हंजे आमच्याकडं लग्नाहून मोठी! तिनं स्टेजला लाइटीचा स्क्रीन सांगितला. तो पन साधा नाय, पापलेटाच्या आकाराचा. शेपटीसकट! आनि पोरीचं मागनं एकच. पयली हळद लागताना त्या पापलेटावर आजीचा फोटो झळकायला पायजे. आजी म्हंजे माझी हिरा. नात नवरी झालेली बघायच्या आधीच गेली ती. फोटो मीच दिला. हसरा. तसा एकच हाय.

आता हा स्क्रीन म्हंजे काय, तर लाइटीच्या पाट्या एकमेकींना जोडून रचलेल्या. ते काम बघायला वाशीची ऋतुजा, लॅपटॉपवाली. दुपारी ती जेवायला गेली आनि मी सहज मागं जाऊन बघतो, तर परत्येक पाटीच्या पाठीवर बान. सगळ्यांचे वर, मधल्या दोन-तीन पाट्यांचे खाली!

तुमीच सांगा, जन्म होडीवर काढलेला मानूस उलटं काय बघून गप बसंल?

मांडववाल्याला हाक मारली. "ए, ह्या उलट्या लागल्यात. सुलट कर."

"काका, मॅडमला इचारू?"

"मॅडम जन्मली नव्हती तवा मी डोलकाठी उभी करत होतो. फिरव!"

फिरवल्या. वायर पुरंना, तर लांब वायर जोडायला लावली. बान सगळे वर. माझी छाती पन वर.

संध्याकाळी ऋतुजानं पापलेटावर निळ्या लाटा सोडल्या. लाट काय हो, उलटी लावली तरी लाटच! कुनाला काय कळतंय? मी तर व्याह्यांना सांगून मोकळा, "मी होतो म्हनून! नायतर आज सगळं उलटं होतं."

मंग पाट मांडला. प्राची बसली. हिराची धाकटी बहीन मथुरा पयली हळद लावनार होती, तिनं वाटीत बोटं बुडवली. लग्नाची गानी म्हननाऱ्या धवलारनीनं माइकवर धवला उचलला. ऋतुजानं बटन दाबलं.

आली हिरा! डोळे जागेवर, कुंकू जागेवर. पन कानातली कुडी गालावर, आनि तोंड... तोंड उलटं! एवढी हसरी बाई, तिच्या ओठांची टोकं खाली. पापलेटाएवढा राग, आनि बघतेय माझ्याकडंच!

धवला थांबला. ऋतुजा धावत मागं गेली, तिथनंच ओरडली, "पाट्या कोणी फिरवल्या? वायर आखूड होती म्हणून मीच उलट्या लावल्या होत्या! तेवढंच चित्र लॅपटॉपमध्ये उलटं करून ठेवलंय!"

मांडववाला माझ्याकडं बघतोय. मी खाडीकडं.

"आजोबा!" प्राची रडकुंडीला आली. "आजीचं काय करून ठेवलंत?"

एकच मागनं होतं हो पोरीचं!

तेवढ्यात मथुरा उठली. हळदीचा हात तसाच कमरेवर. एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हनाली, "रडतंस कशाला गं? हीच खरी ताई! भाऊजी उशिरा घरी आले की हेच तोंड करून दारात उभी असायची!"

अख्खं मैदान फुटलं. व्याही खुर्चीवरनं घसरले. प्राचीच्या डोळ्यांत पानी, आनि त्यातच हसू. "राहू दे ऋतुजाताई, असाच ठेव. आजी आलीय."

त्या रागावलेल्या तोंडासमोरच पयली हळद लागली. वर प्राचीनं तो फोटो तसाच उलट्या तोंडाचा फ्रेम करून माझ्या खाटेसमोर टांगलाय. रोज सकाळी डोळे उघडले की मी पयलं सांगतो, "उठतोय, उठतोय!"

ऋतुजाची माफी मी मागितली. मांडववाल्यानं माझी मागितली, कशाची ते त्यालाच ठाऊक. एकीनं तेवढी माझी मागायची राहिलीय. खोटं बोलली असती तर कवाच सोडून दिलं असतं. खरं बोलली, ते पन भरल्या मांडवात, माइकसमोर! कोन म्हंजे काय? मथुरा!