बूट रुतत नाही

चार वर्षं झाली. नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. ही सोयही मी बरोबर शोधून काढली, याची किळस येते. येऊ दे. आता सवय झालीय.

आधी मी कोण ते. वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, राहते लोअर हटला. पुण्यातही हेच करायचे. दुसऱ्याने बनवलेलं तपासायचं, यादीतली एकेक गोष्ट स्वतः करून बघायची आणि पुढे पास किंवा फेल लिहायचं, एवढंच काम. करून न बघताच पास लिहिणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. सगळे रकाने एका मिनिटात भरलेले दिसले की माझं डोकं सटकतं. अशा एकाला मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर इतकं झापलं होतं की त्याने टीम बदलून घेतली. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

श्रीरंग माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, इंजिनिअर, माझ्या पाठोपाठ इथे आला आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर घर घेतलं. नाशिकचा मुलगा, बर्फ बघितलेला तो फ्रीजरमधला. इथे येऊन त्याला डोंगरातल्या बर्फाचं वेड लागलं. दोन हिवाळ्यांत स्की शिकला, मग हिमस्खलनाचा कोर्स केला, मग मलाही ओढलं. आमचं स्की म्हणजे लिफ्टवाल्या रिसॉर्टमधलं नव्हे. स्कीला मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या लावून आपल्या पायांनी डोंगर चढायचा आणि घसरत उतरायचं. तिथे ना दोर, ना पहारेकरी. आपली अक्कल आणि सोबतच्या माणसाचा शब्द, एवढ्यावर सगळं चालतं.

इथला वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तिकडे दसऱ्याची गडबड असते तेव्हा. वसंतातला बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. नीट गोठला, तर सकाळी दगडासारखा घट्ट. पहाटे निघायचं, ऊन वर यायच्या आत उतरून मोकळं व्हायचं. पण रात्री ढग आले, वायव्येचं उबदार वारं सुटलं, तर तो गोठतच नाही. आतून ओला, सुटा राहतो आणि उन्हाबरोबर अख्खा उतार खाली येतो. वाईट म्हणजे दिसायला दोन्ही सारखेच. पांढरे. कळायचा मार्ग एकच — बाहेर जायचं, वाट सोडून पन्नास पावलं चालायचं आणि बूट किती रुततो ते बघायचं.

हे काम माझं होतं.

माझ्या ऑफिसातल्या याद्यांवरून श्रीने एक खिशातली वही केली होती. आकाश, वारा, बूट किती रुततो, आणि शेवटी पास की फेल. पहाटे तो चहा करणार, मी बाहेर जाऊन तपासणार, आल्यावर वही भरणार. मी पास म्हटल्याशिवाय निघायचं नाही. हा नियम त्याचा, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान! भेटेल त्याला सांगायचा, “आमची ताई प्रोफेशनल टेस्टर आहे. तिच्या हातून काही सुटत नाही.” मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

त्या ऑक्टोबरात आम्ही दक्षिण बेटावर एका उंचावरच्या झोपडीत तीन दिवसांसाठी गेलो होतो. झोपडी म्हणजे पत्र्याची, आठ बंक, एक टेबल. आमच्याशिवाय तिथे इथल्याच दोन बाया होत्या, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, हसऱ्या. पहिल्या पहाटे मी सगळं नीट केलं. पन्नास पावलं गेले, घोट्यापर्यंत बूट रुतला, वहीत फेल लिहिलं. आम्ही बसून राहिलो. त्या दोघी पलीकडच्या सोप्या उताराला गेल्या आणि अकराच्या आत लालबुंद तोंडाने परत आल्या. “स्वीट ॲज!” म्हणाल्या, म्हणजे एकदम झकास. एकीने मला अगदी मायेने विचारलं, तुला बरं नाही का? श्री म्हणाला, “बरोबर केलंस ताई.” दिवसभर आम्ही पत्ते खेळलो. त्याने एकदाही खिडकीबाहेर बघून उसासा टाकला नाही. त्याने टाकला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं — म्हणजे रागावायला कारण मिळालं असतं.

दुसरी पहाट. इथवर आले की मी नेहमी बुटांचं सांगते. स्वतःला सांगते, म्हणजे. बूट ओले होते. आदल्या दिवशी वाळवायचे राहिले होते. पहाटेच्या थंडीत गार ओल्या बुटात पाय घालणं काय असतं ते ज्याने घातलाय त्यालाच ठाऊक. मी दार उघडलं, पायात जाड मोजे. पायरीशी वाकून हाताने बर्फ दाबला. पायरीजवळचा, सगळ्यांनी तुडवून तुडवून दगड झालेला. घट्ट लागला. मी आत आले. बाकड्यावर बसून, हेडलॅम्पच्या उजेडात वहीत लिहिलं : आकाश निरभ्र. वारा नाही. बूट रुतत नाही. पास.

कंटाळा केला, असं मी चार वर्षं म्हणतेय. कंटाळा शब्द बरा वाटतो, नाही? कोण करत नाही कंटाळा?

पण मी दारात उभी होते तेव्हा पागोळ्यांचा आवाज येत होता. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. टप, टप. जी रात्र गोठते त्या रात्री पागोळ्या ठिबकत नाहीत. हे कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मी वर पाहिलं, एक चांदणी दिसत नव्हती. वायव्येचं वारं त्या दिवशी संध्याकाळी येणार असा अंदाज होता, ते आधीच येऊन गेलं होतं. म्हणजे मला कळलं होतं. हातमोजे न घालता मी तिथे उभी होते आणि मला थंडी वाजत नव्हती — अजून काय कळायचं बाकी होतं?

मग मी पास का लिहिलं? कारण त्या दोघी बाया आत स्टोव्हवर पाणी ठेवत होत्या आणि मला दुसऱ्यांदा घाबरट ठरायचं नव्हतं. बस, एवढंच. पन्नास पावलं गेले असते, तर बूट रुतला असता आणि मला फेल लिहावं लागलं असतं. म्हणून मी गेले नाही. ओल्या बुटांचा त्यात काही संबंध नाही. ते बिचारे उगाच बदनाम झाले.

“काय ताई, झालंय का फ्रीझ?” श्रीने विचारलं.

“रॉक सॉलिड,” मी म्हटलं. आणि वर, “अजून अर्धा कप कर ना रे.”

त्याने माझ्यासाठी पुन्हा स्टोव्ह पेटवला. वीस मिनिटं गेली त्यात. हा चहाही लक्षात ठेवा.

उजाडता उजाडता ढग विरले, तेवढ्या वेळात बर्फावर पातळ पापुद्रा धरला. स्कीवर वजन पसरतं, त्यामुळे वर चढताना सगळं घट्टच वाटत होतं. श्री पुढे, आनंदात, जुनी गाणी म्हणत. साडेनऊला आम्ही वर पोचलो. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे एकाने उतरायचं, दुसऱ्याने सुरक्षित जागी थांबून बघायचं. तो उतरला. तिसऱ्या वळणाला उतार सुटला. गडगडाट वगैरे काही नाही. भिजवलेला साबुदाणा पातेल्यातून उपडा करावा, तसा तो सगळा ढीग फिसफिसत, सावकाश निघाला आणि त्याला खडकांवरून घेऊन गेला.

ढीग थांबला तेव्हा श्रीची छाती आणि एक हात वर होता. मी खाली गेले, स्की काढल्या आणि फावड्याने खणायला लागले. गुडघ्यापर्यंत रुतत होते मी. प्रत्येक पाऊल. बूट किती रुततो ते बघायला मला त्या दिवशी तिथवर जावं लागलं.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. मी मदत मागवणाऱ्या बीकनचं बटण दाबलं, त्याला गुंडाळलं, बोलत ठेवलं. हेलिकॉप्टर यायला दोन तास लागले. ते दोन तास मी फार चांगली वागले. त्याबद्दल सविस्तर सांगायचा मोह होतोय, म्हणून इथेच थांबते.

एकच सांगते. मध्येच, दात वाजत असताना, त्याने विचारलं, “ताई, फ्रीझ झालं होतं ना गं?”

“हो रे राजा,” मी म्हटलं. “झालं होतं.”

तो डोळे मिटून म्हणाला, “मग मीच उशीर केला. चहात.”

मी त्याच्या कपाळावरचा बर्फ पुसला.

यानंतरचं सांगायला सोपं आहे, कारण त्यात मला काहीच करावं लागलं नाही. शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाचला, पण पोटरीजवळची नस गेली. पाऊल वर उचलता येत नाही. बुटात प्लॅस्टिकची पट्टी घालून चालतो, घरात अनवाणी असला की पाय ओढतो. आमच्या स्कीच्या क्लबने चौकशीसाठी बैठक घेतली. रागावायला नव्हे, शिकायला. मी उभी राहून वही वाचून दाखवली. माझा आवाज कापला तेव्हा कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. पुढच्या महिन्याच्या पत्रकात छापून आलं की रात्री बर्फ उत्तम गोठलेला असूनही केवळ वीस मिनिटांच्या उशिराने उतार सुटू शकतो. लोक हे वाचून शिकले. खोटं शिकले. वाचणाऱ्यांतलं पुढे कोण कुठल्या उतारावर गेलं, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

श्री त्या वर्षी प्रशिक्षक व्हायच्या तयारीत होता. नाव मागे घेतलं. म्हणाला, “मला वेळेचं भान नाही गं ताई. माझ्यामुळे उद्या कुणाचा जीव जाईल.” ज्या माणसाने कधी घड्याळ चुकवलं नाही, तो आता ट्रेनला अर्धा तास आधी जाऊन स्टेशनवर बसतो. मी ते पाहते. त्याच ट्रेनने मीही जाते. त्याच्या शेजारी बसते, ऑफिसच्या गप्पा मारते. या बाईला काय म्हणायचं?

मावशी नाशिकहून आली, सहा महिने राहिली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, येताना मुद्दाम माझ्यासाठी आणलेला हिरवा खण. “तू होतीस म्हणून माझं पोर मला दिसतंय,” म्हणाली. आणि मग त्याच्याकडे वळून, अगदी लहानपणच्या दटावणीच्या सुरात, “श्री, ताईच्या पाया पड. आणि यापुढे तिचं ऐकत जा जरा.”

तो हसला. भिंतीला धरून, डावा पाय मागे ओढत वाकला. मी पदर सावरत म्हटलं, “असू दे, असू दे.” बायका म्हणतात तसं. त्याची बोटं माझ्या पायाला लागली. मोज्यातल्या, त्या पहाटे बाहेर न पडलेल्या त्याच पायाला. मी पाय मागे घेतला नाही.

ओटीचा नारळ दुसऱ्याला देत नाहीत, घरात गोड करून खातात. मी वड्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या.

आज सकाळी श्रीचा मेसेज आला. या वसंतात क्लबमध्ये नव्याने आलेल्या लोकांपुढे त्याने बोलावं, अशी त्यांची इच्छा आहे. विषय, त्याची चूक. बऱ्याच दिवसांनी तो डोंगराबद्दल आपणहून काही करतोय. “ताई, ती वही तुझ्याकडेच आहे ना? त्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठव. तू कसं पर्फेक्ट चेक केलं होतंस आणि मी ते कसं वाया घालवलं, ते दाखवायचंय.”

वही कपाटात आहे, साड्यांच्या खाली. काढली. पान उघडलं. चार रकाने, एकाच पेनाने, एकाच दमात भरलेले. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी बघताक्षणी ओळखलं असतं. मी ते खिडकीपाशी उजेडात धरलं, फोटो काढला. सावली पडली होती, म्हणून पुन्हा काढला. पाठवला.

“थँक्स ताई,” त्याने लिहिलं. “अक्षर किती सुंदर आहे तुझं.”