एक्सपोर्टमधली आई

प्रभावतीबाई सव्वीस वर्षं 'एक्सपोर्ट'ला होत्या. दिल्लीत, द्वारकेच्या सोसायटीत सगळ्यांना एवढंच माहीत होतं. एक्सपोर्टमध्ये नेमकं काय, असं कोणी विचारलंच तर त्यांची मुलगी मैत्री 'गारमेंट्स' म्हणायची आणि विषय बदलायची. गारमेंट्स म्हणजे ब्रा. गुरुग्रामच्या एका कारखान्यात प्रभावतीबाई ब्राच्या खालच्या पट्ट्याला इलास्टिक लावायच्या. तासाला साठ नग. एकसष्ट झाले तर कौतुक नाही, एकोणसाठ झाले तर सुपरवायझर शेजारी येऊन उभा.

मैत्रीचं लग्न ठरलं आणि घरातल्या या अनुभवाचा पुरेपूर उपयोग झाला. म्हणजे असा, की लग्नाच्या पांढऱ्या साडीखाली काय घालायचं हे विचारायला मैत्रीने गुरुग्रामच्याच एका दुकानात अपॉइंटमेंट घेतली.

"तू चल," ती आईला म्हणाली, "पण तिथे काही बोलू नकोस हं. इंदुमती आंटी येतायत. मी त्यांना सांगितलंय, तू डिझाइनला होतीस."

"सव्वीस वर्षं मान खाली घालून बसले, ते डिझाइन होतं होय? बरं."

"आई, प्लीज यार."

इंदुमतीबाई म्हणजे होणारी सासू, सरकारी खात्यातून निवृत्त. दुकानाच्या दारातच जयभीम झाला आणि बाईंनी खांद्यावरून घसरलेला ब्राचा पट्टा बोटाने वर सारला. दोन मिनिटांत तो पुन्हा घसरला, पुन्हा वर गेला. प्रभावतीबाईंनी पाहिलं. पण त्या डिझाइनला होत्या, गप्प बसल्या.

दुकानात क्षिप्रा नावाची फिटिंग कन्सल्टंट होती. गळ्यातली मोजपट्टी तिने मैत्रीच्या स्वेटरवरूनच फिरवली. स्वेटरचं माप अगदी अचूक आलं.

"मॅम, साड़ी व्हाइट है तो नीचे भी व्हाइट. सिंपल."

पांढऱ्या ब्लाउजखाली पांढरं घातलं की ते पाटीसारखं लांबून वाचता येतं. प्रभावतीबाई नुसत्या खाकरल्या. मैत्रीने डोळे वटारले.

"नहीं तो स्किन कलर है," क्षिप्रा म्हणाली. तो स्किन कलर गुलाबी होता. मैत्रीच्या सात पिढ्यांत त्या रंगाची कातडी कोणाची नव्हती.

पांढरंच ठरलं. छातीपासून कमरेपर्यंत एक चिलखत, आत उभ्या कडक पट्ट्या, मागे चौदा हुक. ते लावायला दोघीजणी लागल्या. वर दुकानातलीच पांढरी साडी, ब्लाउजशिवाय, नुसती गुंडाळली. मैत्री आरशासमोर उभी राहिली. उभंच राहता येत होतं.

"परफेक्ट!" क्षिप्रा म्हणाली.

"छानच. किती ताठ दिसतेस," इंदुमतीबाई पट्टा सारत म्हणाल्या.

"वाक," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"आई..."

"बुद्धवंदनेला तीनदा गुडघे टेकून वाकायचंय. इथे एकदा वाक."

मैत्री गुडघ्यांवर बसली, हात जोडले, वाकली. मागे टप, टप आवाज झाला. दोन हुक सुटले, तिसरा साडीच्या धाग्यात अडकला आणि चिलखत सरकून गळ्याशी आलं. आता तिला उठताही येईना.

"मॅम, शादी में झुकना थोड़ी होता है."

"हमारी में होता है," प्रभावतीबाई म्हणाल्या.

त्या मैत्रीच्या मागे खाली बसल्या. अडकलेला हुक धागा न ओढता सोडवला. उरलेले एका हाताने, न बघता, वरून खाली. दुसऱ्या हाताने काठ चाचपला. "इलास्टिक ताणून लावलेलंच नाही. कोणीतरी नग उरकलेत."

"प्रभावतीताई, डिझाइनवाल्यांना हातातलं काम एवढं येतं?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

प्रभावतीबाईंना बोलायची परवानगी नव्हती. मैत्रीचं तोंड गालिच्याकडे होतं. आईची बोटं तिच्या पाठीवर शेवटच्या हुकाशी थांबली होती.

"डिझाइन नाही, आंटी," मैत्री गालिच्याला म्हणाली. "आई ब्रा शिवायची. मशीनवर बसून. मीच खोटं सांगितलं."

इंदुमतीबाईंचा हात खांद्यापाशीच राहिला. मग त्या खुर्ची ओढून जवळ आल्या.

"मग ताई, हा माझा पट्टा सारखा का उतरतो हो?"

"कधीपासून उतरतोय?"

"नोकरीला लागले तेव्हापासून."

"खालचा पट्टा सैल घेता तुम्ही. सगळा भार खांद्यावर येतो. खांद्याचा दोष नाही."

"सेक्शनमध्ये एवढ्या बायका होत्या, एकीने सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलं होतं का?"

शनिवारी तिघी सरोजिनी नगरला गेल्या. तिथे ढिगात एक्सपोर्टचा माल मिळतो. प्रभावतीबाईंनी एकेक नग ताणला, उलटा केला, परत फेकला. दुकानदार वैतागला. मैत्री तिसऱ्याच नगाला "हा चालेल ना?" म्हणाली, तर "टाके मोज" असं उत्तर मिळालं. चाळीसेक नगांनंतर मैत्रीच्या दंडाच्या रंगाचा, गडद तपकिरी, एक निघाला. इंदुमतीबाईंसाठी दुसरा. घरी येऊन प्रभावतीबाईंनी दोन्हींचे खालचे पट्टे उसवले आणि माप अंगावर घेऊन इलास्टिक नव्याने लावलं. दोन नगांना अख्खी दुपार गेली. सुपरवायझरने पाहिलं असतं तर घरी बसवलं असतं.

लग्नात मैत्री तीनदा वाकली. फोटोग्राफरला कोन पसंत पडला नाही म्हणून आणखी दोनदा वाकली. पाठीवर काही दिसलं नाही, काही सुटलं नाही. प्रभावतीबाई मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. पहिल्या रांगेत इंदुमतीबाई बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. वंदना संपेपर्यंत एकही हात खांद्याकडे गेला नाही.