माळी सर, डॉ. इंगवले आणि एका ग्रंथाचे स्पेलिंग

प्रा. वसंतराव माळी सरांची आणि माझी पहिली ओळख महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत झाली. मी नुकतीच अध्यापक म्हणून रुजू झाले होते आणि पहिल्याच आठवड्यात आई दवाखान्यात दाखल झाली. ती घरी येईपर्यंत माझे सगळे तास सरांनी घेतले. मला ते विद्यार्थ्यांकडून कळले.

सरांनी आयुष्यभर मलकापूरकडच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, गवते गोळा केली. त्यावरचा इंग्रजी ग्रंथ आम्ही तिघांनी लिहायला घेतला: सर, मी आणि सरांचे शाळेपासूनचे मित्र डॉ. इंगवले. इंगवले सर बरीच वर्षे अमेरिकेत शिकवून परतले होते आणि कळंब्याला राहत होते. त्यांच्या प्रकरणांत ‘कलर’ला यू नसे, ‘ग्रे’मध्ये ए असे. माळी सरांचे सगळे ब्रिटिश वळणाचे. आधी लिहू, मग ठरवू, असे ठरले होते.

ठरवायचे राहून गेले. सरांनी मित्राची चारही प्रकरणे ब्रिटिश स्पेलिंगमध्ये बदलून प्रकाशकाकडे पाठवली. मुद्रिते हातात पडताच इंगवले सर प्रयोगशाळेत आले.

“वसंता, हे कुणी केलं?”

“मी. ग्रंथ एक, तर स्पेलिंग एकच नको का?”

“एकच पायजे की. माझंच ठेव असं मी म्हणत न्हाय. पण इचारायचं तरी हुतंस.”

“यात विचारायचं काय?” सर म्हणाले.

इंगवले सरांनी आपली प्रकरणे मागे घेतली. दोघांचे बोलणे थांबले. फोन करा, असे मी सरांना अनेकदा सुचवले. “पुढच्या आठवड्यात करतो,” ते म्हणायचे. पुढे इंगवले सरांना पक्षाघाताचा झटका आला. सर दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर सर मला घेऊन कळंब्याला गेले आणि प्रकरणे छापायची परवानगी त्यांनी इंगवले वहिनींकडे मागितली. “छापा,” वहिनी म्हणाल्या, “पण त्यांनी लिहिलंय तसंच.”

सरांनी एकेक शब्द पूर्ववत केला. मग स्वतःची प्रकरणेही अमेरिकन स्पेलिंगमध्ये आणली आणि माझी बदलण्याआधी मला विचारले. इथल्या वाचकांना चुका वाटतील, असे प्रकाशक म्हणाले. “वाटू देत,” एवढेच सरांचे उत्तर. मुखपृष्ठावर पहिले नाव इंगवले सरांचे आहे. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ आहे: ‘या ग्रंथाचे स्पेलिंग डॉ. इंगवले यांचे आहे.’ ग्रंथाचे कौतुक झाले, पण सरांनी आपली प्रत उघडलेली मी पाहिलेली नाही.

हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. “लिहा. नुसतं चांगलं लिहिलंत तर मृत्युलेख वाटेल,” ते म्हणाले.

सरांच्या पंचाहत्तरीला आम्ही सारे जमलो आहोत, आणि ज्यांनी सर्वांत आधी बोलायचे ते नाहीत. सरांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, सड्यावर त्यांच्या पुढे चालायची वेळ आम्हांवर न येवो. आणि ती प्रत एखाद्या दिवशी त्यांच्याकडून उघडली जावो.