गहू पोटरीत येईपर्यंत

चऱ्होलीत आमच्या शेताच्या तिन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या, तसं विहिरीचं पाणी खाली गेलं. यंदा विहिरीतून गव्हाला आणखी एकच पाणी देता येईल, असं पप्पांनी विहिरीत डोकावून सांगितलं. ते लवकर दिलं तर दाणा भरताना ओल उरणार नाही, उशिरा दिलं तर ओंबीत दाणेच कमी धरणार. पप्पा चाकणच्या कंपनीत, रोज ओव्हरटाइम. मी वाकडच्या ऑफिसचं काम घरून करते. घरात आम्ही दोघंच, म्हणून मोटर चालू करणं माझ्याकडे आलं.

“पोटरीत आला की पाणी सोड,” एवढं सांगून ते गेले. मी मान हलवली. माझी शाळा निगडीची, इंग्रजी माध्यमाची. मला पोटरी माहीत होती ती पायाची. दुपारी मीटिंग संपल्यावर गव्हात जाऊन उभी राहिले. पोटरी केव्हाच बुडाली होती. घाबरून फोन लावला.

“पप्पा, पोटरीच्या पण वर गेलाय.”

“वर? ओंब्या दिसत्यात का?”

“नाही. गुडघ्याला लागतोय.”

पलीकडून मशीनचा आवाज येत राहिला. मग ते हसले. “अगं, तुझी पोटरी न्हाई, गव्हाची. मोटर चालू केलीस का?”

“नाही अजून.”

“वाचलो मग. शेंड्याच्या पानाखाली ताट, म्हंजी देठ, दाबून बघ. आत ओंबी आली की तिथं फुगतंय, पोटरीगत. तुझ्या पायावानी काडी लागली तर आजून टाइम हाय. ठेवतो, सुपरवायझर बघतोय.”

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ताटं दाबत फिरायचे. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघायचे. कुणी हात केला नाही, मीही केला नाही. मीटिंगमध्ये ऑफिसमधले विचारायचे, आज काय विशेष? मी म्हणायचे, काही नाही. गव्हाबद्दल कुठून सुरुवात करायची, ते कळायचं नाही.

मग एका संध्याकाळी बोटांखाली ताट जाड लागलं. पुढचं दाबलं, तेही. पप्पांचा फोन लागेना. मी मोटर चालू केली आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाण्याबरोबर चालत गेले. तिथं माती भिजली तेवढ्यात विहिरीतलं पाणी संपलं.

मळणी झाली त्या दिवशी पप्पा शिफ्टवरून आले. पोत्याजवळ बसून त्यांनी मूठभर गहू घेतला आणि एक दाणा दाताखाली फोडला. कडक आवाज आला.

“भरलाय,” ते म्हणाले.

ते ताट बोटांना कसं लागलं, हे मला त्यांना सांगायचं होतं. मी सुरुवात केली तोवर भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला होता. त्यांच्या मुठीतले दाणे काढून मी पोत्यात टाकले.